यंत्र, लीला आणि काशी : धुंडिराज गोविंद फाळके

काशीत विश्वनाथाच्या मंदिराकडे जाणाऱ्या वाटेवर धुंडिराज विनायकाचे स्थान आहे. विश्वनाथाच्या दर्शनापूर्वी धुंडिराजाचे दर्शन घ्यावे, असा या क्षेत्राचा परंपरागत संकेत आहे. महाराष्ट्रातून काशीस येणाऱ्या यात्रेकरूंना तो ठाऊक असतो आणि मराठी घरांतून मुलांना हे नावही आवर्जून ठेवले जात असे. त्र्यंबकेश्वर या दुसऱ्या ज्योतिर्लिंगाच्या गावी, गोदावरीच्या उगमापाशी, ३० एप्रिल १८७० रोजी जन्मलेल्या एका बालकाचे नाव असेच धुंडिराज ठेवण्यात आले. त्याचे वडील गोविंद सदाशिव फाळके हे संस्कृतचे व्युत्पन्न पंडित होते. पुढे ते मुंबईच्या विल्सन महाविद्यालयात अध्यापन करू लागले. पंडिताच्या घरचा हा मुलगा वेदपाठ वा पुराणकथन यांच्या वाटेने गेला नाही. त्याने पुराणकथांना चाके, दाते आणि भिंगे जोडली. भारतीय चित्रपटाचा जनक म्हणून आज सर्व देश ज्यांना ओळखतो, ते दादासाहेब फाळके हेच होत.

दादासाहेबांचे चरित्र बहुधा मुंबई आणि नाशिक या दोन स्थळांच्या आधारे सांगितले जाते, आणि ते स्वाभाविकही आहे. परंतु त्यांच्या जीवनात काशीला जे स्थान आहे त्याचा विचार क्वचितच झाला आहे. त्यांच्या पहिल्या चित्रपटाचा नायक काशीत आपले सत्त्व कसोटीस लावतो. कीर्तीच्या शिखरावर असताना चित्रपटाचा त्याग करून ते स्वतः सहकुटुंब काशीस येऊन राहिले. त्यांच्या अखेरच्या चित्रपटाचा विषय गंगेचे अवतरण हा आहे. हे तीन बिंदू जोडून पाहिले असता या पुरुषाच्या जीवनातील एक मूलभूत द्वंद्व स्पष्ट होते. यंत्राशी खेळणारा कलावंत आणि यंत्राभोवती उभा राहणारा व्यवसाय यांतील ते द्वंद्व होय. प्रस्तुत लेखात त्याच दृष्टीने त्यांच्या जीवनाचा आढावा घ्यावयाचा आहे.

१

फाळक्यांचे शिक्षण एका सरळ रेषेत झाले नाही. १८८५ मध्ये ते मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेत दाखल झाले आणि रेखनाचा अभ्यासक्रम पुरा करून थोरल्या बंधूंकडे, शिवरामपंतांकडे, बडोद्यास गेले. तेथे सयाजीराव गायकवाडांच्या आश्रयाने १८९० मध्ये कलाभवन ही संस्था स्थापन झाली होती. रसायनशास्त्रज्ञ त्रिभुवनदास गज्जर हे तिचे प्रमुख होते. कला आणि उद्योग यांना वेगळे मानू नये, हे या संस्थेचे तत्त्व होते. चित्रकला, मूर्तिकाम, वास्तुरेखन, रंगविद्या आणि यंत्रविद्या या गोष्टी तेथे एका छपराखाली शिकविल्या जात. फाळक्यांच्या स्वभावाला अशी संस्था भेटणे हा त्यांच्या आयुष्यातील पहिला मोठा योग म्हणावा लागेल. तेथे ते तैलरंग, प्रतिकृती घडविणे आणि छायाचित्रण शिकले. १८९२ मध्ये अहमदाबादच्या औद्योगिक प्रदर्शनात त्यांनी आदर्श नाट्यगृहाची एक प्रतिकृती मांडली आणि तिला सुवर्णपदक मिळाले. नाट्यगृहाची ही प्रतिकृती वाचकांनी ध्यानात ठेवावी, कारण तिच्याकडे आपल्याला काशीत पुन्हा वळावयाचे आहे.

गज्जरांच्या प्रोत्साहनाने ते रतलामला जाऊन रंगीत ठसे तयार करण्याची विद्या शिकून आले. नंतर गोध्रा येथे त्यांनी छायाचित्रांचा व्यवसाय मांडला. तेथे त्यांच्यावर फार मोठा आघात झाला. प्लेगच्या साथीत त्यांची पत्नी आणि मूल ही दोघेही दगावली. उद्ध्वस्त मनाने ते बडोद्यास परतले. छायाचित्र काढल्याने माणसाची प्राणशक्ती ओढली जाते अशी समजूत त्या काळी प्रचलित होती. तिच्यामुळे तेथेही त्यांच्या धंद्याला अडथळे आले. ज्या मनुष्याने पुढे लाखो लोकांना हलत्या छायांच्या नादी लावले, त्याला आरंभी स्थिर छायेच्या भीतीशी झगडावे लागले, ही गोष्ट त्या काळाच्या मनोवृत्तीवर प्रकाश टाकते.

याच सुमारास त्यांनी जादूचे प्रयोग शिकून घेतले. पुढे ते जादूगार म्हणून रंगमंचावर उभे राहिले, तेव्हा आपल्या आडनावाची अक्षरे उलटी करून त्यांनी ‘प्रोफेसर केळफा’ असे नाव धारण केले. ही केवळ गंमत नव्हती. प्रेक्षकाची नजर कोठे खिळवावी आणि त्या क्षणात हात काय करून घेतो, याचा शास्त्रशुद्ध अभ्यास म्हणजे जादू. फ्रान्समध्ये जॉर्ज मेलिएस या जादूगाराने १८९६ पासून हीच विद्या चित्रपटात आणली होती. दोघांचा परस्परांशी काही संबंध आला नाही, तरीही जादूच्या पेटीतून चित्रपटाच्या पेटीकडे जाणारी वाट दोघांनाही सापडली.

१९०२ मध्ये फाळक्यांचा दुसरा विवाह झाला. माहेरच्या गिरिजा करंदीकर या विवाहानंतर सरस्वतीबाई झाल्या. १९०३ मध्ये ते पुरातत्त्व खात्यात छायाचित्रकार आणि आरेखक म्हणून लागले. १९०६ मध्ये, स्वदेशीच्या चळवळीचे वारे वाहत असताना, त्यांनी ही सरकारी नोकरी सोडली. नंतर त्यांनी लोणावळ्यास मुद्रणाचा कारखाना काढून राजा रविवर्मा यांच्या नावे चालणाऱ्या मुद्रणालयासाठी शिलामुद्रणाची कामे केली. हा व्यवसाय दादरला आल्यावर लक्ष्मी आर्ट प्रिंटिंग वर्क्स या नावाने नामांकित झाला. रंगीत छपाईची यंत्रे पाहण्यासाठी १९०९ मध्ये ते जर्मनीलाही जाऊन आले. कारखाना भरभराटीस आला असतानाच भागीदारांशी मतभेद झाले आणि ते हात झटकून बाहेर पडले. काम वैभवास न्यावे आणि त्याच क्षणी भागीदारीच्या जाचाने ते सोडावे, हा क्रम त्यांच्या आयुष्यात पुढेही दिसतो.

२

बेकारीच्या या दिवसांत, १९१०-११ च्या सुमारास, गिरगावातील अमेरिका-इंडिया पिक्चर पॅलेस या तंबूवजा चित्रगृहात त्यांनी ख्रिस्ताच्या जीवनावरील एक मूकपट पाहिला. पडद्यावर येशू चालत असता त्यांच्या मनश्चक्षूंसमोर राम, कृष्ण, गोकुळ आणि अयोध्या उभी राहू लागली, ही हकीकत सुपरिचित आहे. त्यानंतर त्यांनी काय केले याकडे मात्र कमी लक्ष दिले जाते. पुढील काही महिने ते मुंबईत येणारा प्रत्येक चित्रपट पाहत राहिले. चित्रफितीचे तुकडे, भिंगे आणि स्वस्तातली खेळण्यातली यंत्रे मिळवून घरी उलगडून पाहत राहिले. झोप जवळजवळ सुटली आणि डोळ्यांवर इतका ताण पडला की त्यांची दृष्टी काही काळ गेली. वेळीच उपचार झाल्याने ती परत आली. चित्रकार, छायाचित्रकार आणि जादूगार असलेल्या मनुष्याने डोळे पणास लावले होते, आणि हा पण त्याने जाणूनबुजून लावला होता.

विम्याच्या पॉलिसी तारण ठेवून फेब्रुवारी १९१२ मध्ये फाळके लंडनला गेले. ‘बायस्कोप’ या साप्ताहिकाचे संपादक कॅबोर्न यांनी त्यांना प्रथम या धंद्यातील धोक्याची जाणीव करून दिली. परंतु त्यांची जिद्द पाहून त्यांनीच चित्रपटनिर्माते सेसिल हेपवर्थ यांची भेट घडवून आणली. वॉल्टन येथील हेपवर्थ यांच्या चित्रशाळेत फाळक्यांनी सर्व प्रक्रिया जवळून पाहिली. विल्यमसन बनावटीचा कॅमेरा, फितीला भोके पाडण्याचे यंत्र आणि कोऱ्या फितीची मागणी अशी तयारी करून ते एप्रिलमध्ये परतले.

विल्यमसन कॅमेऱ्याची चाल थोडी समजून घेतली पाहिजे, कारण या कलेचे सारे मर्म त्या चालीत आहे. कारखान्यातील सामान्य यंत्र अखंड फिरते, तर चित्रपटाचे यंत्र थांबत थांबत चालते. हाताने दांडा फिरविला की आतील नखी फितीच्या भोकांत शिरून तिला एका चित्राइतकी खाली ओढते. मग फीत क्षणभर स्थिर राहते, झडप उघडते, प्रकाश आत येतो आणि झडप मिटते. झडप मिटलेली असताना फीत पुन्हा सरकते. दांड्याच्या एका फेऱ्यात आठ चित्रे आणि सेकंदाला दोन फेरे, या हिशेबाने सेकंदाला सोळा चित्रे उमटतात. पडद्यावर तीच स्थिर चित्रे एकामागून एक पडली की डोळा आणि मेंदू मिळून त्यांची गती करतात. फितीवर गती कोठेही नसते. तेथे केवळ स्थिती असतात आणि त्यांच्यामधील अंधार असतो.

भोके पाडण्याचे काम या सर्वांत कष्टाचे होते. कोऱ्या फितीला कडेने भोके नसत, ती अंधाऱ्या खोलीत आपल्या हातांनी पाडावी लागत. एका चित्रामागे प्रत्येक कडेला चार भोके आणि एका फुटात सोळा चित्रे. भोकातले अंतर केसभर चुकले तरी पडद्यावरील चित्र थरथरते. हे काम सरस्वतीबाई शिकल्या. दिवसभर घरातील व कंपनीतील माणसांचा स्वयंपाक आणि रात्री अंधारात फितीला भोके पाडणे, रसायने कालविणे, चित्रीकरणाच्या वेळी उन्हाचा प्रकाश नटांच्या मुखावर वळविण्यासाठी पांढरी चादर धरून उभे राहणे, अशी कामे त्यांनी केली. पडद्यावरच्या श्रेयनामावलीत त्यांचे नाव आले नाही. भारतीय चित्रपटाच्या पहिल्या तंत्रज्ञांमध्ये त्यांची गणना झालीच पाहिजे.

कर्ज देऊ शकणाऱ्यांना खात्री पटावी म्हणून फाळक्यांनी एक लहानसा चित्रपट केला. कुंडीत वाटाण्याचा दाणा पेरला, कॅमेरा एका जागी रोवला आणि महिनाभराहून अधिक काळ रोज थोडी थोडी फीत फिरवून अंकुराची वाढ टिपली. महिन्याचा काळ पडद्यावर काही क्षणांत धावला. मातीतून कोंब वर आला, पाने फुटली आणि वेल डोलू लागला. डोळ्यांना कधीही न दिसणारी गती यंत्राने दृश्य केली. हा प्रयोग शास्त्रीय होता, गमतीचा होता आणि सुंदरही होता. तो पाहिलेल्यांनी भांडवल उभारण्यास साहाय्य केले. उरलेला भार सरस्वतीबाईंच्या अलंकारांनी उचलला.

३

पहिल्या कथापटासाठी फाळक्यांनी हरिश्चंद्राची कथा निवडली. काशीच्या वाचकाला या निवडीचे महत्त्व सांगण्याची आवश्यकता नाही. राज्यदानानंतर सर्वस्व गमावलेला हरिश्चंद्र या नगरीत येतो, पत्नीला आणि स्वतःला विकतो व स्मशानात डोंबाचा चाकर होतो. त्याच्या नावाचा घाट आजही येथे आहे आणि तेथील चिता आजही जळत असतात. याच काशीचे सुपुत्र भारतेंदु हरिश्चंद्र यांनी याच कथेवर ‘सत्य हरिश्चंद्र’ हे हिंदी नाटक लिहिले होते, आणि मराठी व उर्दू रंगभूमीवरही हा विषय लोकप्रिय होता. भाषा कोणतीही असो, ही कथा प्रेक्षकाला आधीच ठाऊक होती. शब्दहीन चित्रपटाला अशाच कथेचा आधार हवा होता.

फाळक्यांनी आपली काशी दादरला उभारली. राहत्या घराच्या आवारात पडदे रंगविले, राजवाडे उभे केले, स्मशान रचले. बाहेरची दृश्ये घेण्यासाठी मंडळी वांगणीस गेली. हरिश्चंद्राच्या भूमिकेसाठी दत्तात्रय दामोदर दाबके हे नट लाभले, परंतु तारामतीच्या भूमिकेला स्त्री मिळेना. कोणत्याही थरातील स्त्री कॅमेऱ्यासमोर उभी राहण्यास तयार नव्हती. अखेरीस एका उपाहारगृहात काम करणाऱ्या अण्णा साळुंके या तरुणाने तारामतीचे काम केले, आणि फाळक्यांचा पुत्र भालचंद्र रोहिदास झाला. कॅमेरा त्र्यंबक तेलंग यांनी चालविला. ‘राजा हरिश्चंद्र’ २१ एप्रिल १९१३ रोजी निमंत्रितांना दाखविण्यात आला आणि ३ मे १९१३ रोजी गिरगावातील कॉरोनेशन चित्रगृहात जनतेसमोर आला. त्याची लांबी ३,७०० फूट होती. एका फुटात सोळा या प्रमाणाने ती सुमारे ५९,२०० चित्रे होतात. दर फेऱ्यास आठ चित्रे धरली तर दांड्याचे सुमारे ७,४०० फेरे होतात, आणि प्रत्येक कडेची भोके दोन लाख छत्तीस हजारांच्या वर जातात. पहिल्या भारतीय चित्रपटाच्या मागे किती हात राबले, याची कल्पना या आकड्यांवरून यावी.

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे नोंदविली पाहिजे. १९१२ मध्ये दादासाहेब तोरणे यांचा ‘पुंडलिक’ प्रदर्शित झाला होता, आणि त्याहीपूर्वी, १८९९ मध्ये, सावेदादा म्हणजे ह. स. भाटवडेकर यांनी कुस्तीचे चित्रण केले होते. परंतु ‘पुंडलिक’ हे एका नाटकाचे चित्रण होते आणि त्याची फीत विलायतेत प्रक्रिया करून आणावी लागली. कथा, पात्रे, रंगविलेले पडदे, चित्रण, धुलाई आणि जोडणी या सर्व गोष्टी येथल्या हातांनी केलेला कथापट म्हणून ‘राजा हरिश्चंद्र’चा अधिकार वेगळाच राहतो. आज या चित्रपटाचा सुमारे १,४७५ फुटांचा भाग उपलब्ध आहे. तो मूळचा नसून १९१७ मधील पुनर्निर्मितीचा असावा, असेही काही अभ्यासक मानतात.

४

पुढील सहा वर्षांत फाळक्यांच्या प्रतिभेला बहर आला. ‘मोहिनी भस्मासुर’ या चित्रपटात दुर्गाबाई कामत आणि त्यांची कन्या कमलाबाई या स्त्रिया प्रथमच पडद्यावर आल्या. १९१४ मध्ये फाळके आपले चित्रपट घेऊन पुन्हा लंडनला गेले. तेथे त्यांच्या यंत्रकौशल्याचे कौतुक झाले, पण तेथेच राहून काम करण्याची सूचना त्यांनी स्वीकारली नाही. त्यानंतर महायुद्ध सुरू झाले, भांडवल आटले, आणि तरीही १९१७ मध्ये ‘लंकादहन’ निघाला. तारामती झालेल्या साळुंक्यांनी त्यात राम आणि सीता या दोन्ही भूमिका केल्या.

या पौराणिक चित्रपटांच्या आसपास फाळके अनेक छोट्या फितीही काढीत होते. आपल्या विषयाच्या दृष्टीने त्या अधिक बोलक्या आहेत. ‘आगकाड्यांची मौज’ या फितीत सामान्य आगकाड्या आपोआप हलून आकार धारण करीत. काडी किंचित सरकवायची, एक चित्र घ्यायचे, पुन्हा सरकवायची, एवढीच तिची कृती. ‘लक्ष्मीचा गालिचा’ या फितीत नाणी अशाच रीतीने नाचत. ‘प्रोफेसर केळफाचे जादूचे प्रयोग’ या फितीत स्वतः फाळके जादूगार म्हणून उतरले. ‘चित्रपट कसे तयार करतात’ या फितीत त्यांनी आपलाच कारखाना उघडा करून दाखविला आणि स्वतः काम करताना कॅमेऱ्यासमोर आले. जादूगार सहसा आपले रहस्य सांगत नाही. फाळक्यांनी मात्र आधी भ्रम निर्माण केला आणि मग त्याचे यंत्र प्रेक्षकांसमोर ठेवले. रहस्य कळूनही आनंद कमी होत नाही, असा त्यांचा विश्वास असला पाहिजे.

या वृत्तीचा सर्वोत्तम आविष्कार १९१९ मधील ‘कालिया मर्दन’मध्ये आढळतो. कृष्णाची भूमिका त्यांची चिमुकली कन्या मंदाकिनी हिने केली. चित्रपटाच्या आरंभी ती आपल्या स्वतःच्या रूपात दिसते, मुखावर निरनिराळे भाव आणून दाखविते, आणि मग पाहता पाहता कृष्णाच्या वेषात पालटते. ही माझी मुलगी आहे, आता तिला देव होताना पाहा, असे जणू पित्याने आधीच सांगून टाकले आहे. आपल्या परंपरेत लीला या शब्दाला खेळ आणि ईश्वरी कृती असे दोन्ही अर्थ आहेत. फाळक्यांच्या यंत्रात ते दोन्ही अर्थ एकवटले.

५

‘लंकादहन’च्या यशानंतर धनिकांचे लक्ष या धंद्याकडे वळले. १ जानेवारी १९१८ रोजी भागीदारीत हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी स्थापन झाली आणि तिचे कार्य नाशिकला सुरू झाले. मनुष्यबळ वाढले, पैशाची चिंता मिटली. परंतु लवकरच खर्चाचे हिशेब, वेळेची मर्यादा आणि कंपनीतील शिस्त यांवरून खटके उडू लागले. भागीदारांच्या बाजूनेही विचार केला पाहिजे. ज्यांनी पैसा घातला त्यांना हिशेब मागण्याचा अधिकार होता, आणि फाळक्यांचा स्वभाव हिशेबाला बांधून घेणारा नव्हता. एखादे दृश्य मनासारखे उतरेपर्यंत फीत आणि दिवस किती खर्ची पडतात याची त्यांना पर्वा नसे. आगकाडी केसभर सरकवून वाट पाहणाऱ्या माणसाला ठरल्या तारखेस ठरावीक फूट फीत देण्याचा करार मानवणे अवघड होते. अखेर त्यांनी कंपनी सोडली, चित्रपटाचा त्याग केला आणि सहकुटुंब काशीची वाट धरली.

जुन्या पिढीतील मराठी माणूस संसाराची आवराआवर झाली म्हणजे काशीस जात असे. येथे पंचगंगेपासून दुर्गाघाट, ब्रह्माघाटापर्यंत महाराष्ट्रीय कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या वसली होती. अहिल्याबाई, शिंदे, भोसले यांची नावे घाटांना लाभली होती. विश्वनाथाचे मंदिर पुन्हा उभारणारी अहिल्याबाईच होती. अशा नगरीत फाळक्यांना परकेपणा वाटण्याचे कारण नव्हते. मात्र त्यांचे वय त्या वेळी पन्नाशीच्या आसपास होते, पदरी मुले होती आणि हाताशी असलेली विद्या देशात दुसऱ्या कोणाजवळ त्या प्रमाणात नव्हती. म्हणून या काशीवासाला वानप्रस्थ म्हणता येणार नाही. मनासारखे काम करता येत नसेल तर ते कामच नको, असा हा निर्धार होता, आणि त्याची किंमत सरस्वतीबाईंना व मुलांनाही मोजावी लागली.

काशीत फाळक्यांजवळ कॅमेरा नव्हता, अंधारी खोली नव्हती, फीत नव्हती. तेथे त्यांनी काय केले? त्यांनी नाटक लिहिले. ‘रंगभूमी’ हे त्या नाटकाचे नाव. दोन भागांत पसरलेल्या या नाटकात त्यांनी तत्कालीन नाट्यव्यवसायाचे उपहासात्मक दर्शन घडविले. किर्लोस्कर नाटक मंडळी उत्तर भारताच्या दौऱ्यावर असताना काशीस आली होती. मंडळीचे चालक शंकर बापूजी मुजुमदार यांच्याशी फाळक्यांचा जुना स्नेह होता, आणि त्यातूनच हे नाटक रंगमंचावर आणण्याचे ठरले. १८९२ मध्ये ज्या तरुणाने आदर्श नाट्यगृहाची प्रतिकृती घडविली होती, तो तीस वर्षांच्या भ्रमंतीनंतर पुन्हा नाट्यगृहाकडेच आला होता. तेव्हा त्याने वास्तू रचली होती. आता त्या वास्तूत वावरणाऱ्या माणसांची परीक्षा तो करीत होता. भागीदारी, धंदा आणि कला यांच्या झगड्यात पोळलेल्या मनाने रंगभूमीवरील धंद्याचा उपहास लिहावा, यात आत्मकथनाचा अंश नसेलच असे कोण म्हणेल?

या निवडीकडे आणखी एका दृष्टीने पाहता येते. काशीच्या पैलतीरी रामनगरला सुमारे महिनाभर रामलीला चालते. तिला एक रंगमंच नाही. अयोध्या, जनकपूर, पंचवटी, लंका ही स्थळे नगराच्या निरनिराळ्या भागांत वसविलेली आहेत आणि प्रेक्षक लीलेबरोबर चालत जातात. चित्रपटगृहात प्रेक्षक स्थिर बसतो आणि चित्र हलते. रामनगरात स्थळे स्थिर असतात आणि प्रेक्षक हलतो. तसेच मानमंदिर घाटावर सवाई जयसिंहाची वेधशाळा आहे. तिच्या दगडी यंत्रांत एकही चाक नाही. ती अचल आहेत आणि त्यांवरून सरकणाऱ्या छायेने ती सूर्याची गती मोजतात. स्थिती आणि गती, छाया आणि प्रकाश यांचा असा विचार ज्या नगरीने आपल्या घाटांवर बांधून ठेवला आहे, त्या नगरीत छायांना गती देणारा माणूस काही काळ थांबला होता, ही घटना आपल्याला अर्थपूर्ण वाटते.

६

महाराष्ट्राला मात्र हा विराम मानवला नाही. ‘संदेश’ पत्राचे संपादक अच्युत बळवंत कोल्हटकर यांनी फाळक्यांना परत येण्याविषयी लिहिले. चित्रपटसृष्टीच्या दृष्टीने आपण मृतच आहोत आणि पुन्हा जिवंत होण्याची इच्छा नाही, अशा आशयाचे उत्तर काशीहून गेले. कोल्हटकर हे पत्रकारितेतील पट्टीचे खेळाडू होते. त्यांनी या उत्तराला फाळक्यांच्या निधनवार्तेसारखा मथळा देऊन ते छापले. साहजिकच वाचकांत खळबळ उडाली, फाळक्यांनी परत यावे असा आग्रह धरणारी पत्रे पत्रात येऊ लागली, आणि ती सर्व कोल्हटकरांनी काशीस पाठवून दिली. ज्या क्षेत्री मृत्यू म्हणजे मुक्ती मानतात, तेथे बसून आपल्या ‘मृत्यू’वरील शोक वाचण्याचा प्रसंग फाळक्यांवर आला. त्यांच्यातील प्रोफेसर केळफाला या युक्तीचे मर्म कळले नसेल असे नाही. ते महाराष्ट्रात परतले. ‘रंगभूमी’ १९२२ मध्ये मुंबईत रंगमंचावर आले. जाणत्यांनी त्याची वाखाणणी केली, परंतु त्याचा विस्तार सामान्य प्रेक्षकांना पेलला नाही. त्याच वर्षी फाळके पुन्हा जुन्या कंपनीत रुजू झाले.

यानंतरही त्यांनी पुष्कळ चित्रपट काढले. त्यांच्या नावावरील चित्रपटांची एकूण संख्या नव्वदांच्या वर जाते, शिवाय वीसहून अधिक लघुपट निराळे. परंतु काळ पालटत होता. १९३१ मध्ये ‘आलम आरा’ने पडद्याला वाचा दिली. फाळक्यांचा ‘सेतुबंधन’ मूकपट म्हणून तयार झाला आणि त्याला मागाहून ध्वनी जोडावा लागला. यंत्राने त्यांना मोठे केले होते आणि यंत्राच्याच पुढल्या पावलाने त्यांना मागे टाकले. कोल्हापूर सिनेटोनसाठी त्यांनी केलेला ‘गंगावतरण’ (१९३७) हा त्यांचा एकमेव बोलपट आणि अखेरचा चित्रपट. भगीरथाच्या तपाने स्वर्गातून उतरणारी गंगा शिवाने जटेत धरली व मग सोडली, हा त्याचा विषय. अडवून धरलेला आणि नियमाने सोडलेला प्रवाह हेच चित्रपटयंत्राचेही तत्त्व आहे. सदुसष्टीच्या उंबरठ्यावर असलेल्या फाळक्यांनी आपल्या सर्व चमत्कारविद्येसह त्या प्रवाहाला पडद्यावर उतरविले. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिक येथे, गोदावरीच्या काठी, त्यांचे देहावसान झाले. अखेरची वर्षे विपन्नावस्थेत आणि बऱ्याच अंशी विस्मृतीत गेली. शासनाने १९६९ मध्ये त्यांच्या नावाने चित्रपटक्षेत्रातील सर्वोच्च पुरस्कार सुरू केला आणि १९७१ मध्ये त्यांच्या स्मरणार्थ टपालाचे तिकीट काढले. त्या वेळी ते जाऊन पाव शतक उलटले होते.

फाळक्यांना उद्योगपती म्हणावे तर ते यशस्वी झाले नाहीत, आणि निव्वळ कलावंत म्हणावे तर त्यांची दृष्टी नेहमी दात्यांवर आणि भिंगांवर खिळलेली होती. यंत्र हे श्रम वाचविण्याचे साधन आहे, हा आपला नित्याचा समज आहे. फाळक्यांनी यंत्राशी लहान मुलासारखा खेळ मांडला आणि त्या खेळासाठी यंत्राने वाचविले असते त्याहून अधिक श्रम केले. वाटाण्याच्या अंकुराची महिनाभर वाट पाहणे, आगकाडी केसभर सरकविणे, रात्रभर भोके पाडणे, या कृतींचा हिशेब कोणत्याही भागीदाराच्या वहीत बसण्यासारखा नव्हता. म्हणूनच जेथे वही शिरली तेथून ते उठले, आणि एकदा तर उठून थेट काशीस आले. ज्याच्या नावाचा गणपती विश्वेश्वराच्या वाटेवर बसला आहे, तो धुंडिराज या नगरीत मुक्तीसाठी आला नव्हता असे म्हणावे लागते. झडप मिटली की फीत अंधारात पुढे सरकते आणि पुढच्या चित्रासाठी स्थिर होते. त्यांच्या जीवनातील काशीपर्व हा तसाच एक अंधारातला क्षण होता. त्याच्याशिवाय पुढील चित्र उमटले नसते.